बाराव्या कुळागराचं पाणी

सुभद्राकाकींनी सुपारीचं रोप माझ्या की-बोर्डवर ठेवलं. मुळासकट उपटलेलं, पानं करपून चुरचुरीत झालेली. माती टेबलभर सांडली.

"तुजो कंप्युटर उदक दिता म्हणटात न्ही? दी तर हाका."

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना खाली घातल्या. मी तेव्हा डिचोली तालुक्यातल्या एका खाण कंपनीच्या इन्स्ट्रुमेंटेशन सेक्शनमध्ये होते. गोवा घटकराज्य होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. सेक्शनमध्ये बाई मी एकटीच आणि प्रोग्राम लिहिता येणारीही मी एकटीच. पेडण्याहून, म्हणजे इब्रामपूरहून, आलेली ही मुलगी टिकणार नाही असं बऱ्याच जणांना वाटत होतं. त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं.

"काकी, हांव दोनदां येवन गेलें," मी म्हटलं. "तुमच्या मुखार उदक आयिल्लें. गेज लावन मेजलें."

"तूं आयतारा येता. आयतारा उदक येता. सोमार ते शेनवार कोण येता?"

मी काहीतरी उत्तर दिलं असेल. बरोबर दिलं नसणार, कारण काकी उठून गेल्या. रोप तिथेच ठेवून गेल्या.

काकींचं कुळागर आमच्या पाइपलाइनवर शेवटचं. कुळागर म्हणजे डोंगराच्या उतारावरची बाग. नारळ, केळी, मिरी आणि मुख्य म्हणजे पोफळी. पोफळीला तिथे माडी म्हणतात. ही माडी पेल्यात ओतायची नव्हे, पानाबरोबर खायची. काकींनी दोन वर्षांपूर्वी दोनशे नवी रोपं लावली होती. जुनी झाडं उंच होऊन थकली होती, नवरा गेला होता, मुलगी लग्न होऊन सत्तरी तालुक्यात. पुढची सगळी वर्षं त्या दोनशे रोपांवर होती. पोफळीचं रोप लहानपणी फार नाजूक. मार्च ते मे पाणी चुकलं की मेलंच.

पूर्वी ह्या बारा कुळागरांना वरच्या झऱ्याचं पाणी पाटाने यायचं. खाण खोल गेली आणि झरा आटला. कशामुळे आटला ह्यावर कंपनीचं आणि गावाचं एकमत कधी झालं नाही. पण कंपनीने खाणीच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने वर चढवून पाइपलाइन टाकून दिली, यावरून काय समजायचं ते समजा. बारा कुळागरं, बारा व्हॉल्व्ह. पंप सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. प्रत्येकाला एक तास. बाबलो नावाचा एक माणूस दिवसभर लाइनवर फिरून हाताने व्हॉल्व्ह उघडायचा आणि बंद करायचा.

त्या जानेवारीत मी बाबलोचं काम कॉम्प्युटरला दिलं. पंपाच्या शेडमध्ये एक जुना कॉम्प्युटर, त्याला जोडलेले बारा रिले, म्हणजे विजेवर चालणारी बटणं, आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर एक मोटर. प्रोग्राम बेसिकमध्ये. तो जेमतेम वीस ओळींचा होता. मराठीत सांगायचं तर असा: एक ते बारा आकडे घे. प्रत्येक आकड्यासाठी तो व्हॉल्व्ह उघड, साठ मिनिटं थांब, व्हॉल्व्ह बंद कर, पुढचा आकडा घे. एकच काम असं पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या ओळींना लूप म्हणतात. मध्ये एक अट होती: जर खड्ड्यातलं पाणी ठरलेल्या रेघेखाली गेलं, तर पंप बंद कर, नाहीतर चालू दे. ही झाली इफ. लूप आणि इफ एवढी दोन हत्यारं हातात असली की माणूस जगातलं निम्मं काम कॉम्प्युटरला सांगू शकतो. निदान तेव्हा माझा तसा समज होता.

आणखी एक सोय मी केली होती. कॉम्प्युटर चालू झाला की प्रोग्राम आपोआप चालू व्हायचा, कोणी बटण दाबायला नको. सकाळी सहाला वॉचमनने मेन स्विच चालू केला की झालं. ह्या सोयीचं मी सगळ्यांकडून कौतुक करून घेतलं होतं. बाबलोला खाणीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसवलं.

जानेवारी-फेब्रुवारी सुरळीत गेले. मार्चमध्ये नऊ ते बारा नंबरच्या कुळागरांमधून तक्रारी यायला लागल्या. पाणी येत नाही.

आमचे मॅनेजर नाटेकरसाहेब. माणूस हुशार, पण निर्णय घेण्याची भारी घाई. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"नऊ ते बारा. लाइनच्या शेवटाला आणि उंचावर. हा टेल-एंड प्रॉब्लेम आहे, मॅडम. उन्हाळ्यात प्रेशर पडतं."

"पण सर, मी रविवारी गेज लावला होता. बारा नंबरला प्रेशर आहे."

"मग हे लोक एकमेकांचं पाणी पळवत असतील. प्रोग्राम तर ठीक आहे ना?"

"ठीक आहे सर. दोन महिने चालला."

"शनिवारी मीटिंग आहे. नऊ ते बारा कट करू. ती ब्रँच रस्त्यावर धूळ बसवायला घेऊ. चौघांच्या घरी प्यायला टँकर देऊ. तुम्ही फक्त लाइन तिथपर्यंत पोचत नाही असा टेक्निकल रिपोर्ट द्या."

हे संभाषण सोमवारचं. काकी रोप घेऊन आल्या मंगळवारी. शनिवारला चार दिवस होते. एकदा ब्रँच रस्त्याला गेली की ती परत कुळागराला मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं आणि काकींनाही.

खरं सांगते, मंगळवारी मला राग आला होता तो काकींचा. मी सुट्टीच्या दिवशी दोनदा जाऊन आले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर पाणी मोजलं होतं. तरी ही बाई माझ्या टेबलावर माती सांडते. मग माती पुसताना ते आयतार-सोमार डोक्यात फिरायला लागलं. मी रविवारीच का गेले होते? कारण बाकीचे दिवस मला प्लांटवर ड्युटी होती. त्यात दुसरं कारण नव्हतंच. आणि माझ्या सोयीने निवडलेल्या दिवसावरून मी त्यांना खोटं ठरवून मोकळी झाले होते.

बुधवारी रजा टाकली. साहेबांनी विचारलं, "कशाला?"

"पाणी बघायला."

"मॅडम, व्हॉल्व्हसमोर बसून पाणी येत नसतं."

"मग का येत नाही ते तरी कळेल."

डबा घेतला आणि सकाळी दहाला बारा नंबरच्या व्हॉल्व्हपाशी जाऊन बसले. काकींनी बसायला एक पाट दिला. दुपारी कोपभर चहा आणि अर्धा उंडा पाव आणून ठेवला. काकींचा नंबर संध्याकाळी पाचचा, नऊ नंबरचा दुपारी दोनचा. म्हणून दोनच्या आधी मी खाली नऊ नंबरला गेले. दोनला पाच मिनिटं असताना दूरवरून येणारी पंपाची घरघर थांबली.

"लायट गेली," नऊ नंबरचा माणूस म्हणाला. अगदी सहज, रोजची गोष्ट सांगावी तसा.

"रोज जाते?"

"मार्च लागल्यापासून रोज. दोनाक वता, तिनाक येता. आयतारा वचना. आयतारा फॅक्टऱ्यो बंद न्ही?"

त्या वेळीच मला कळायला हवं होतं. कळलं नाही. मी हिशेब केला की तासभर लाइट नाही, तर सगळ्यांचा नंबर तासभर पुढे जाईल, फार तर शेवटच्या एकाचं पाणी बुडेल. चौघांचं का बुडतं? तीन वाजता घरघर पुन्हा सुरू झाली. नऊ नंबरचा व्हॉल्व्ह हलला नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मोटरला हात लावून बघितला, गार. मी धावत दहाला गेले, अकराला गेले. सगळीकडे कोरडं.

पंप चालू आहे म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. मी लाइन धरून उलट दिशेने चालायला लागले. आठ बंद, सात बंद, सहा बंद. एप्रिलचं ऊन, पायात साडी अडकत होती. असं करत करत एक नंबरला पोचले तर पाणी तिथे. पोफळींच्या बुंध्याशी घोट्याएवढं. मालक दत्ताराम सावलीत चटई टाकून आडवा झालेला.

"दत्ताराम, हें उदक आतां कशें?"

"ही आयजची दुसरी खेप," तो उठायचे कष्ट न घेता म्हणाला. "एक सकाळीं, पंप सुरू जातकच. मागीर लायट आयली काय परत."

"मार्चापासून?"

"व्हय."

"आनी कोणाक सांगलें ना तुवें?"

"कोणें विचारलें? उदक चड येता म्हूण कोण कागाळ करता?"

मी तिथेच बांधावर बसले. सगळं लख्ख दिसलं. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद. लाइट आली की कॉम्प्युटर चालू, आणि माझ्या त्या कौतुकाच्या सोयीमुळे प्रोग्रामही आपोआप चालू. पण चालू कुठून? पहिल्या ओळीपासून. एक ते बारा आकडे घे. आपण आठपर्यंत आलो होतो हे त्याला माहीतच नाही, कारण तो आकडा फक्त चालू कॉम्प्युटरच्या डोक्यात असतो. वीज गेली की पुसला जातो.

देवळातल्या पंगतीत वाढपी भात वाढत आठव्या पानापर्यंत आला, दिवे गेले, दिवे आले, आणि तो पुन्हा पहिल्या पानापासून वाढायला लागला, तर काय होईल? पहिल्या तिघांच्या पानांवर ढीग आणि शेवटचे चौघे उपाशी. माझ्या प्रोग्रामने दीड महिना रोज हेच केलं होतं. दोनपर्यंत एक ते आठ. तीननंतर एक, दोन, तीन. सहाला पंप बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून. रविवारी लाइट जात नाही म्हणून रविवारी बाराही जणांना पाणी. आणि रविवारी मी गेज घेऊन हजर.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. रडू यायला लागलं होतं, पण दत्तारामसमोर रडायचं नाही एवढं ठरवलं होतं.

परत जाताना फाटकावर बाबलो होता. कॉम्प्युटर येण्याआधी तीन वर्षं ह्याच लाइनवर, ह्याच विजेवर, ह्या माणसाने बारा जणांना पाणी दिलं होतं. त्याच्या वेळी कोणाची तक्रार नव्हती.

"बाबलो, लायट गेल्यार तूं कितें करतालो?"

"फातर दवरतालों," तो म्हणाला. मला कळलं नाही असं बघून त्याने समजावलं. ज्या व्हॉल्व्हपाशी पाणी थांबलं, तिथे चेंबरवर एक दगड ठेवायचा. दगडाखाली आंब्याचं ताजं पान, म्हणजे दगड आजचा की जुना ते कळतं. लाइट आली की दगड शोधायचा आणि तिथून पुढे. संध्याकाळी पंप बंद झाला तरी तेच. सकाळी एकपासून नाही, दगडापासून.

"आनी कोणाची वेळ अर्दी जाल्ली आसली जाल्यार?"

"कोळशान रेघो. पाव वर दिलें, फातरार एक रेघ. तीन रेघो आसल्यार ताचो एक पाव वर उरला. तो आदीं दिवचो, मागीर दुसऱ्याक."

पाव वर म्हणजे पाव तास. पाटाच्या पाण्याच्या काळापासून हीच रीत. त्याच्या बापाने त्याला शिकवलेली.

"आतां ते फातर खंय आसात?"

बाबलो मला पात्रांव म्हणायचा, म्हणजे साहेब. "पात्रांव, तुवेंच न्ही उडोवंक लायले? चेंबरां साफ करात म्हणलें."

मीच. मोटर बसवताना प्रत्येक चेंबरवर एक दगड, वाळलेली पानं, कोळशाच्या रेघा. मला वाटलं कचरा. मजुरांकडून सगळे दगड ओढ्यात टाकून घेतले, आणि स्वच्छ चेंबरांचे फोटो रिपोर्टला जोडले.

गुरुवारी सकाळी मी पंपाच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. आता काय लिहायचं ते कळलं होतं. बाबलोचा दगड लिहायचा होता. हार्ड डिस्कवर एक छोटी फाइल. तिच्यात दोनच आकडे: कितवा व्हॉल्व्ह आणि त्याचे किती पाव तास झाले. दर पंधरा मिनिटांनी प्रोग्राम ती फाइल नव्याने लिहील. हार्ड डिस्कवर लिहिलेलं वीज गेली तरी राहतं. प्रोग्राम सुरू झाला की पहिली अट: जर फाइल असेल, तर तिथला आकडा घे आणि उरलेले पाव तास आधी दे, फाइल नसेल, तरच एकपासून. आणि बारा झाले की पुन्हा एक, मग दिवस मावळो की उजाडो. अकरा ओळी वाढल्या.

लिहून झाल्यावर मी पूर्वी कधीच न केलेली गोष्ट केली. प्रोग्राम चालू असताना मेन स्विच ओढला. धाडकन. मग चालू केला. चार नंबर उघडा होता, चारच उघडला. पुन्हा ओढला. फाइल लिहिली जात असतानाच ओढला, आणि फाइल अर्धवट राहून प्रोग्राम अडकला. चांगलं झालं, शेडमध्येच कळलं. मग दोन फाइली केल्या, एक बिघडली तर दुसरी. गुरुवार आणि शुक्रवार मिळून मी तो स्विच सदतीस वेळा ओढला. पंपाचा ऑपरेटर कोल्हापूरकडचा. तो म्हणाला, "मॅडम, आता बास करा, मोटर बोलायला लागंल." पण सदतीस वेळा प्रोग्राम जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला होता. शुक्रवारी दोनला लाइट गेली आणि तीनला आली, तेव्हा नऊ नंबरचा व्हॉल्व्ह उघडला. तिथल्या माणसाने शिट्टी मारून खाली सांगितलं. सहाला पंप थांबला, तेव्हा अकरा नंबरचं पाणी झालेलं होतं. फाइलमध्ये आकडा होता बारा.

शनिवारच्या मीटिंगआधी मी रिपोर्ट नाटेकरसाहेबांच्या पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"इथे कारण काय लिहिलंय तुम्ही? 'प्रोग्राममधील चूक'?"

"हो सर."

"पॉवर फेल्युअर लिहा. ते खोटं नाही. हेड ऑफिसला प्रोग्राम चुकला म्हणून सांगितलं तर पुढचं ऑटोमेशन मंजूर होणार नाही. तुमचंही नाव खराब."

"सर, लाइट जाणं ही चूक नव्हे. गोव्यात लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं. मी ते प्रोग्रामला सांगितलं नाही, ही चूक. आणि पॉवर फेल्युअर लिहिलं तर लोक म्हणतील, लाइट आमच्या हातात नाही, कट करा त्या चौघांना."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"फार हट्टी आहात तुम्ही."

"हो सर."

त्यांनी सही केली. माझ्या शब्दांत एक अक्षर बदललं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ब्रँच कापली गेली नाही. बाबलोला दिवसातून दोनदा लाइनवर फेरी मारायला परत पाठवलं, कारण व्हॉल्व्ह उघडला की नाही ते कॉम्प्युटर सांगतो, पण पाणी मुळाशी गेलं की नाही ते त्याला दिसत नाही.

दहाएक दिवसांनी साहेबांनी मला आत बोलावलं. हातात एक अर्ज.

"घ्या. तुमच्या नव्या प्रोग्रामवर तक्रार आलीय. पाणी कमी झालं म्हणतात."

अर्जावर सह्या तीन. एक, दोन आणि तीन नंबर. सर्वांत वर दत्तारामची, ठसठशीत.

"काय उत्तर देऊ?" साहेबांनी विचारलं.

"लिहा, प्रोग्राम बरोबर चालतोय."

साहेब हसले. मला हसू आलं नाही, कारण मला त्याच दिवशी काकींकडे जायचं होतं. मी मुद्दाम मंगळवार निवडला होता. नंबर आता रोज तासभर पुढे सरकत होता; त्या दिवशी त्यांचं पाणी दुपारी तीनला, लाइट आल्यावर आलं. रोपांच्या ओळीतून ते पुढे सरकत होतं आणि काकी खोऱ्याने त्याला वाट करून देत होत्या. बऱ्याच रोपांना नवी पाती फुटली होती. बऱ्याच रोपांना फुटली नव्हती. मेलेली रोपं त्यांनी उपटून बांधावर एका ओळीत मांडून ठेवली होती.

"काकी, माझी चूक होती," मी म्हटलं. "तुम्ही खरं सांगत होतात. जूनमध्ये नवी रोपं लावायला मी येते."

"लावपाक बाबलो आसा," त्या म्हणाल्या. राग नव्हता आवाजात. "तूं हीं मेज."

मी मोजली. त्या खोरं टेकवून उभ्या राहिल्या आणि मी आकडा मोठ्याने सांगेपर्यंत हलल्या नाहीत.

एकसष्ट. नंतर वीस-बावीस वर्षं मी प्रोग्राम लिहिले, ह्याहून मोठे आणि अवघड. प्रत्येक वेळी प्रोग्राम पूर्ण झाला, चालला, लोकांनी मान डोलावली, की मी आधी उठून मेन स्विच ओढायची. नवीन लोक विचारायचे, मॅडम, असं किती वेळा करायचं? मी सांगायची, एकसष्ट. तोच आकडा का, हे कोणी विचारलं नाही.